ज्यू धर्मजीवन आणि चित्रपट

कर्मठ ज्यू समाजातील श्रद्धा, धर्मसत्ता व त्यांच्या आश्रयाने होणारे शोषण ह्यांचे चित्रण करणारे कथापट व अनुबोधपट. द डिबुक (१९३७) ह्या पोलंडमधील यिडिश चित्रपटात धर्मजीवन गूढरम्य रूपात आले होते. शोषणाची उघड चिकित्सा प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळते.

आमोस गिताई ह्यांच्या कादोश (१९९९) मध्ये जेरूसलेमच्या मेआ शेआरिम वस्तीतील दोन बहिणींची कथा आहे. दहा वर्षांत मूल न झाल्यामुळे थोरलीला प्रेमळ पतीपासून दूर व्हावे लागते. धाकटीचे लग्न मनाविरुद्ध होते व पती तिला मारहाण करतो. चित्रण एकांगी असल्याचा आक्षेप ह्या चित्रपटावर घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नाही. रामा बुर्शतेन ह्या स्वतः कर्मठ पंथातील. त्यांच्या फिल द व्हॉइड (२०१२) मध्ये मृत बहिणीच्या पतीशी विवाह करावा की नाही, ह्या पेचात सापडलेल्या तरुणीचे मन आतून दिसते. तेथे दडपण आहे. पण खलनायक नाही.

ह्या वर्गातील सर्वांत परिणामकारक कथापट म्हणजे रॉनित व श्लोमी एल्काबेट्झ ह्या भावंडांचा गेट (२०१४). ज्यू धर्मशास्त्रानुसार पतीने स्वेच्छेने ‘गेट’ म्हणजे सोडपत्र दिल्याखेरीज घटस्फोट होत नाही. ते न मिळालेली स्त्री ‘अगुना’ (बद्ध) राहते. इझ्राएलमध्ये १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे सोपविलेले आहेत. नायिकेचा पती व्यसनी वा क्रूर नाही, तो केवळ नकार देतो. आणि पाच वर्षे खटला चालतो. जवळजवळ सारे कथानक न्यायालयाच्या वास्तूतच घडत असल्याने प्रेक्षकालाही तो कोंडमारा जाणवतो.

बालकांच्या लैंगिक शोषणाचा विषय मुख्यतः अनुबोधपटांनी हाताळला. ज्यू व्यक्तीविरुद्ध परधर्मीय सत्तेकडे चहाडी करू नये, हा ‘मेसिरा’चा निर्बंध मूळचा छळाच्या काळातील, पुढे काही समाजांत तो गुन्हेगारांना पाठीशी घालण्यास उपयोगी पडला. (बालशोषणाची तक्रार ह्या निर्बंधात येत नाही, असे अनेक रब्बींचे मत आहे.) वन ऑफ अस (२०१७) मध्ये ब्रुक्लिनमधील हसीदी पंथ सोडणाऱ्या तिघांचे अनुभव आहेत. योलांद झोबरमान ह्यांचा एम (२०१८) बालपणी अत्याचार सोसलेल्या एका गायक-नटासह तेल आवीव्हनजीकच्या बने ब्राक गावी जातो. त्यास लोकार्नो महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक व २०२० मध्ये फ्रान्सचे सेझार पारितोषिक मिळाले. त्यातील बहुतेक संभाषण यिडिशमध्ये आहे. नायक भेटेल त्याच्याशी आपल्या अनुभवाविषयी मोकळेपणाने बोलतो, आणि ऐकणारे पुरुष हळूहळू स्वतःची तशीच हकीकत सांगू लागतात.