परदेशातील मोटारीचा ताळेबंद

व्यापाराच्या निमित्ताने परदेशी स्थायिक होणारे कुटुंब निघण्यापूर्वी बरेच हिशेब मांडते. घरभाडे, मुलांच्या शाळेचे शुल्क, व्यवसायाचा परवाना, व्हिसा, सामान पाठवण्याचा खर्च, सारे वहीत उतरते. मोटारीपुढे मात्र बहुधा एकच आकडा लिहिला जातो, तो म्हणजे विक्रेत्याने सांगितलेली किंमत. प्रत्यक्षात गाडी रस्त्यावर येते ती नोंदणी आणि विमा यांच्या बळावर, आणि या दोहोंचा खर्च त्या त्या देशाच्या धोरणावर अवलंबून असतो. हे धोरण समजून घेतल्यावाचून गाडीचा सौदा करणे म्हणजे जकात न विचारता माल मागवण्यासारखे आहे.

प्रस्तुत लेखात दुबई आणि सिंगापूर या दोन शहरांचा विचार केला आहे. भारतीय व्यापारी कुटुंबांचा या दोन्ही ठिकाणी जुना राबता आहे. दोन्ही शहरे व्यापाराला अनुकूल आहेत; परंतु मोटारीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी अगदी परस्परविरुद्ध आहे.

दुबई : कर थोडा, कागद पुष्कळ

संयुक्त अरब अमिरातीत आयात मोटारीवर ५ टक्के सीमाशुल्क आहे आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेला मूल्यवर्धित करही ५ टक्केच आहे. बंदरावर ७०,००० दिरहमांना उतरलेली गाडी घ्या. तिच्यावर सीमाशुल्क ३,५०० आणि त्यापुढील रकमेवर कर ३,६७५, म्हणजे विक्रेत्याचा नफा वगळता एकूण ७७,१७५ दिरहम. नोंदणीचे शुल्क काही शे दिरहमांच्या घरात. महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी भरावा लागणारा एकरकमी वाहनकर ज्याला ठाऊक आहे, त्याला हा व्यवहार फारच स्वस्त वाटतो.

खर्चाची दुसरी बाजू त्यानंतर उघडते. रहिवासी व्हिसा हाती आला की भारतीय परवान्यावर गाडी चालवता येत नाही. काही देशांच्या परवान्यांची तेथे थेट अदलाबदल होते. भारतीय परवानाधारकाला मात्र तेथील चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात. नेत्रतपासणी, प्रशिक्षण आणि चाचण्या धरून हा खर्च हजारो दिरहमांत जातो, आणि चाचणीत अपयश आले तर वाढतो. पती-पत्नी दोघांनाही गाडी चालवायची असेल, तर ही रक्कम दुप्पट धरावी.

आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. दुबईत 'मुल्किया' म्हणजे नोंदणीपत्र दरवर्षी नवे करावे लागते. त्यासाठी विमा चालू हवा, वाहतूक दंड पूर्ण भरलेला हवा, आणि गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर तांत्रिक तपासणीही व्हायला हवी. दंड गाडीच्या खात्यावर साचत जातो. वेगमर्यादेच्या कॅमेऱ्याने वर्षभर टिपलेल्या चुका नूतनीकरणाच्या दिवशी एकदम समोर येतात. त्याखेरीज 'सालिक' हा पथकर आहे. जुलै २००७ मध्ये तो सुरू झाला तेव्हा प्रत्येक कमानीखालून जाताना ४ दिरहम कापले जात. ३१ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी ६ दिरहम कापले जातात. रोज दोन कमानी ओलांडून पेढीवर जाणाऱ्याने आणि परतणाऱ्याने हा खर्च महिन्याच्या हिशेबातच घातला पाहिजे.

कर्जालाही मर्यादा आहे. मध्यवर्ती बँकेच्या नियमानुसार गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा अधिक कर्ज मिळत नाही आणि फेडीची मुदत ६० महिन्यांहून मोठी नसते. व्यापाराचे भांडवल उभे करण्याच्या पहिल्याच वर्षी किमान २० टक्के रोख रक्कम गाडीत अडकते.

पावसाने शिकवलेला धडा

दुबईत विम्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. तृतीय पक्ष विमा कायद्याने अनिवार्य आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होते, तेवढेच तो भरून देतो. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या हानीसाठी त्याची मर्यादा २० लाख दिरहमांची आहे. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून निघावे यासाठी सर्वसमावेशक विमा घ्यावा लागतो आणि त्याचा हप्ता गाडीच्या मूल्याच्या काही टक्के असतो. गाडी जुनी झाली की हप्ता वाचवण्यासाठी अनेकजण पहिल्या प्रकारावर येतात. वाळवंटी देशात पुराची भीती कोणाला?

१६ एप्रिल २०२४ रोजी या समजुतीची परीक्षा झाली. १९४९ पासून नोंदी ठेवल्या जात असलेल्या त्या देशात इतका पाऊस पूर्वी कधीच नोंदला गेला नव्हता. अल ऐन परिसरात एका ठिकाणी २४ तासांत २५४ मिलिमीटर पाऊस झाला. दुबईचे हमरस्ते पाण्याखाली गेले, असंख्य गाड्या जागच्या जागी बुडाल्या. ज्यांच्याकडे केवळ तृतीय पक्ष विमा होता, त्यांना आपल्या गाडीसाठी मागण्याचा आधारच नव्हता. सर्वसमावेशक विमा असलेल्यांनाही करारातील नैसर्गिक आपत्तीचे कलम शोधावे लागले. उभ्या गाडीत पाणी शिरले की चालकाने स्वतः गाडी पाण्यात घातली, हा प्रश्नही दाव्यांच्या वेळी महत्त्वाचा ठरला.

त्यामुळे हप्त्याची तुलना करताना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. पूर आणि वादळ यांचे नुकसान समाविष्ट आहे काय? दुरुस्ती अधिकृत कंपनीच्या कार्यशाळेत होईल की विमा कंपनी निवडेल त्या गॅरेजमध्ये? दाव्यापैकी किती रक्कम प्रथम आपण स्वतः भरायची? दोन हप्त्यांतील फरक पुष्कळदा या तीन उत्तरांत दडलेला असतो. अपघात लहान असला तरी पोलीस अहवाल घ्यावाच लागतो; त्यावाचून तेथे कार्यशाळा गाडी दुरुस्तीला घेत नाही. वैध परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनी जखमी पक्षाला दिलेली रक्कम त्या चालकाकडून वसूल करू शकते. नुकताच भारतातून आलेला भाचा 'एवढ्या कोपऱ्यापर्यंत' गाडी नेतो, तेव्हा साऱ्या कुटुंबाचे भांडवल त्याच्या हाती असते.

सिंगापूर : मालकीहक्काचा लिलाव

सिंगापूरचा विचार उलट दिशेने चालतो. जागा मोजकी, रस्ते मोजके, म्हणून गाड्याही मोजक्याच, असे तेथील शासनाने ठरवले आणि १ मे १९९० पासून गाड्यांच्या संख्येवर कोटा बसवला. नवी गाडी नोंदवायची असेल तर आधी 'सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट' म्हणजे मालकीचा अधिकारपत्र मिळवावा लागतो. त्याची मुदत दहा वर्षांची. फेब्रुवारी २०१८ पासून मोटारींच्या संख्येतील वाढीचा दर शून्यावर ठेवला आहे. नवे अधिकारपत्र मुख्यतः जुन्या गाड्या रद्द होतील त्या प्रमाणात निघतात.

या अधिकारपत्राचा महिन्यातून दोनदा लिलाव होतो आणि त्याची पद्धत व्यापाऱ्याला आवडावी अशी आहे. उपलब्ध संख्येइतक्या सर्वाधिक बोली यशस्वी ठरतात. परंतु प्रत्येकाने भरायची रक्कम सारखीच असते. अयशस्वी ठरलेल्यांतील सर्वांत मोठ्या बोलीपेक्षा एक डॉलर अधिक, इतकी ती असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये लहान गाड्यांच्या गटात हा भाव १,०६,००० सिंगापूर डॉलरवर गेला, म्हणजे तेव्हाच्या दराने साठ लाख रुपयांहून अधिक. मोठ्या गाड्यांच्या गटात त्याच महिन्यात तो १,५०,००१ डॉलर झाला. ही रक्कम गाडीची नव्हे, केवळ गाडी ठेवण्याच्या परवानगीची होती.

उदाहरणादाखल बंदरावर २५,००० डॉलर मूल्य ठरलेली साधी गाडी घेऊ. तिच्यावर २० टक्के उत्पादनशुल्क ५,०००. त्या ३०,००० वर ९ टक्के वस्तू व सेवा कर २,७००. अतिरिक्त नोंदणी शुल्क पहिल्या २०,००० मूल्यावर १०० टक्के आणि पुढील ५,००० वर १४० टक्के, म्हणजे २७,०००. मूळ नोंदणी शुल्क ३५०. अधिकारपत्राचा भाव सोयीसाठी १,००,००० धरू. बेरीज १,६०,०५० डॉलर होते, आणि विक्रेत्याचा नफा त्यावर वेगळा. पंचवीस हजारांच्या मालाला सहापटींहून अधिक पैसे पडतात. केवळ अधिकारपत्राचा खर्च दहा वर्षांत वाटला तरी दिवसाला सत्तावीस डॉलरांहून अधिक येतो, आणि गाडी तळघरात उभी असली तरी तो चुकत नाही.

मूल्य २०,००० पर्यंत असेल तर किमतीच्या ७० टक्के आणि त्याहून अधिक असेल तर ६० टक्केच कर्ज मिळते. वरील गाडीसाठी चौसष्ट हजार डॉलर रोख काढावे लागतील. तेवढ्या रकमेत पेढीचा किती माल फिरला असता, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

विम्याच्या बाबतीत तेथे चालकाच्या इतिहासाला मोठी किंमत आहे. दावा न केलेल्या प्रत्येक वर्षाला १० टक्के याप्रमाणे पाच वर्षांत हप्त्यावर ५० टक्के सवलत मिळते. स्वतःच्या दोषाने झालेल्या एका अपघाताचा दावा केला की ५० टक्क्यांची सवलत २० टक्क्यांवर उतरते. म्हणून किरकोळ ओरखड्यासाठी दावा करण्यापूर्वी पुढील वर्षांच्या हप्त्यांतील वाढ मोजून पाहावी. अपघाताची माहिती मात्र, दावा करायचा नसला तरी, २४ तासांत किंवा पुढील कामकाजाच्या दिवशी विमा कंपनीला द्यावीच लागते. परदेशी परवाना रहिवाशाला बारा महिन्यांपर्यंतच चालतो. त्यापूर्वी लेखी चाचणी देऊन तो बदलून घ्यावा.

मुंबई सोडण्यापूर्वीचे कागद

परदेशातील विमा कंपनी नवागताला ओळखत नाही. वीस वर्षे निर्दोष गाडी चालवणारा गृहस्थ तिच्या दृष्टीने काल परवाना मिळालेल्या तरुणासारखाच असतो. ही ओळख कागदाने द्यावी लागते आणि तो कागद भारतातच मिळतो. आपल्याकडील 'नो क्लेम बोनस' गाडीचा नसून मालकाचा असतो. निघताना गाडी विकली, तर हस्तांतराचा पुरावा देऊन विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे. हे पत्र भारतात तीन वर्षे ग्राह्य असते, त्यामुळे लवकर परतल्यास त्याचा उपयोग होतोच. परदेशात त्याला किती सवलत द्यायची हे तेथील कंपनी ठरवते; म्हणून तीन-चार कंपन्यांना ते दाखवून भाव मागवावेत. मागील पाच वर्षांच्या पॉलिसींच्या प्रती आणि परवान्याच्या तारखांचा पुरावाही जवळ ठेवावा.

येथली आवडती गाडी जहाजाने नेण्याचा मोह टाळावा. अमिरातीत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, आपली गाडी तेथील रस्त्यांसाठी बनलेलीच नाही. सिंगापुरात वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. पण तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी तेथे आणता येत नाही, आणि वापरलेल्या गाडीवर १०,००० डॉलरांचा अधिभार आहे.

परतीचा हिशेबही आधीच मांडावा. सिंगापुरात मुदतीपूर्वी गाडी रद्द केली तर अधिकारपत्राच्या उरलेल्या काळाचे पैसे प्रमाणात परत मिळतात. दुबईत गाडी दुसऱ्याच्या नावे करण्यापूर्वी बँकेचे कर्ज आणि सारे दंड फेडावे लागतात. व्यवसाय अकस्मात आवरता घ्यावा लागला, तर हीच देणी घरच्यांच्या मागे लागतात.

दोन्ही शहरांत मेट्रो उत्तम आहे. दुबईची मेट्रो ९ सप्टेंबर २००९ पासून धावते आहे. सिंगापुरात शाळा आणि पेढी मेट्रोच्या मार्गावर असेल, तर निदान पहिली दोन वर्षे गाडी न घेणेच हिताचे. दुबईत उन्हाळा आणि अंतरे पाहता गाडी लवकर लागेल. तेथे किंमत थोडी कमी असलेली गाडी आणि विमा पूर्ण, हा क्रम ठेवावा. शेजाऱ्याच्या दारातील गाडी पाहून केलेला सौदा पेढीच्या वहीत खर्चाच्या बाजूला वर्षानुवर्षे दिसत राहतो. ज्या घराने पहिल्या वर्षी परवाना, विमा आणि कागद यांची शिस्त लावली, त्या घरातील मुले पुढे स्वतःची गाडी घेतील तेव्हाही आधी हिशेबाची वहीच उघडतील.