रोग्याचें घर हीच शाळा

'व्यवसायोपचार' हा शब्द ऐकून वाचकांस कदाचित् नोकरीधंद्याचें स्मरण होईल. परंतु येथें व्यवसाय म्हणजे स्नान, भोजन, वस्त्र नेसणें, लेखन, पूजा असें मनुष्याचें नित्यकर्म. आजारानें हातून सुटलेलें तें कर्म पुन्हां हातीं देणारी ही विद्या. आपल्या देशांत तिचें शिक्षण श्रीमती कमला निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत सुरू केलें. जागतिक महासंघाच्या नियमाप्रमाणें विद्यार्थ्यानें निदान १,००० तास प्रत्यक्ष कामांत घालवावे लागतात. त्यांतील कांहीं काळ त्यास वस्तींत, लोकांच्या घरीं धाडण्याची पद्धत आहे.

ती कशासाठीं, हें आम्हांस आमच्याच घरीं कळलें. आमच्या वडील बंधूंस पक्षाघात होऊन उजवा हात दुबळा झाला. घर मोठें, माणसें प्रेमळ. सुना घांस भरवीत, नातू सदरा चढवीत. दादा मात्र दिवसेंदिवस अबोल होत गेले.

एके दिवशीं एक विद्यार्थिनी आपल्या शिक्षिकेसह आली. तिनें येतांच व्यायामाचा तक्ता काढिला. शिक्षिका हळूच म्हणाल्या, "आधीं त्यांना काय हवें तें विचार."

"आजोबा, कोणतें काम पुन्हां स्वतः करावेंसें वाटतें?"

दादा बऱ्याच वेळानें म्हणाले, "देवपूजा."

"मग तूर्त डाव्या हातानें करा ना," ती म्हणाली. दादांनीं तोंड फिरविलें. देवाचें काम उजव्याच हातानें व्हावें, ही त्यांची निष्ठा तिच्या तक्त्यांत नव्हती. ती ओशाळली, पण मागें हटली नाहीं. पळीच्या दांड्यास फडकें गुंडाळून तिनें तो जाड केला, म्हणजे दुबळ्या मुठींत ठरेल. पाटाऐवजीं स्थिर खुर्ची व पुढें चौरंग मांडविला. सदरा घालतांना दुबळा हात आधीं, काढतांना शेवटीं, हा नियम शिकविला. आणि सुनांस विनविलें, "मदत करा, पण काम त्यांच्या हातून काढून घेऊं नका."

हाताची शक्ति रुग्णालयांत मोजतां येते. ती कशासाठीं हवी, तें घरींच कळतें. आम्हीं चाळीस वर्षें मुलांस शिकविलें, परंतु आधीं विचारावें, हा धडा त्या मुलीबरोबर आम्हींहि त्या दिवशीं घेतला.

दादांची पळी अजून कांपते, पाणी ताम्हनाबाहेर सांडतें. सूनबाई तें पुसून घेते, पळीला हात लावीत नाहीं. वाचकांच्या दारीं असा विद्यार्थी आला, तर त्यास पोरसवदा समजून ओसरीवरूनच परत धाडूं नये. त्याचें शिक्षण होईल, आणि आपलेंहि.