शांत पेशंटची चौकशी

नर्सिंगच्या नोंदीत ‘पेशंट शांत’ असं लिहिलेलं असलं की आयसीयूत सगळ्यांनाच हायसं वाटतं. नळ्या ओढत नाही, ओरडत नाही, पलंगावरून उतरायला बघत नाही. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे वळतात, डॉक्टर पुढच्या फाइलकडे. अतिदक्षता विभागात काम करणारी मानसशास्त्रज्ञ मात्र सकाळी बहुधा याच पलंगापाशी आधी थांबते. आरडाओरडा करणाऱ्याचं भान सुटलंय हे वॉर्डातल्या मामा-मावशींनाही कळतं. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडलेल्या माणसाचं सुटलंय का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

विचारायचं कसं? घशात व्हेंटिलेटरची नळी, त्यामुळे आवाज बंद. ती आपलं नाव सांगते, पेशंटचा हात हातात घेते. “काका, मी काही अक्षरं म्हणते. ‘ए’ ऐकू आलं की माझा हात दाबायचा. दुसऱ्या अक्षराला दाबायचा नाही.” मग सावकाश, एका सुरात दहा इंग्रजी अक्षरं: एस, ए, व्ही, ई, ए, एच, ए, ए, आर, टी. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष टिकत नाही असं धरायचं. इंग्रजी अक्षरांशी ओळख नसलेल्यांसाठी चित्रं दाखवून हेच करता येतं. गरज पडली तर पुढे हो-नाहीचे चार प्रश्न. समुद्रात मासे असतात का? एक किलो दोन किलोपेक्षा जड असतं का? खिळा ठोकायला हातोडा चालतो का? आणि सगळ्यात आधी, दगड पाण्यावर तरंगतो का?

हा दगडाचा प्रश्न अमेरिकेत निरुपद्रवी असेल. आपल्याकडे रामाचा सेतू ऐकत म्हातारी झालेली एखादी आजी ठामपणे होकाराची मान हलवू शकते, आणि तोंडात नळी असल्यामुळे तिला खुलासाही करता येत नाही. सुदैवाने चाचणी एक चूक माफ करते. शिवाय प्रश्नांचा दुसरा संच आहे, त्यात दगडाऐवजी झाडाचं पान आहे.

कॅम-आयसीयू नावाची ही चाचणी नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातले डॉ. वेस्ली ईली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी प्रसिद्ध केली. दोन-तीन मिनिटांत होते. खरं तर सिस्टरनीच प्रत्येक पाळीत करायची ती. कामाच्या रेट्यात राहून जाते. तीन वर्षांनी याच गटाने व्हेंटिलेटरवरच्या २२४ रुग्णांची आकडेवारी मांडली. त्यातल्या १८३ जणांना कधी ना कधी डेलिरियम झाला होता, म्हणजे त्यांचं भान सुटलं होतं. सहा महिन्यांच्या आत दगावण्याचं प्रमाण डेलिरियम झालेल्यांत ३४ टक्के होतं, न झालेल्यांत १५. तापात बरळणाऱ्याला ‘वात झाला’ म्हणून आपल्या घरांत पूर्वीपासून ओळखत आले आहेत. आयसीयूतला डेलिरियम पुष्कळदा अजिबात बरळत नाही. तो गप्प पडून राहतो, आणि गप्प पेशंटचं कौतुक होतं.

नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: मग औषध द्या ना! इथे पंचाईत आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत ५६६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हॅलोपेरिडॉल आणि झिप्रासिडोन ही औषधं डेलिरियमचा काळ कमी करण्यात बिनऔषधी सलाइनपेक्षा सरस ठरली नाहीत. दारू अचानक सुटल्याने झालेली अवस्था वेगळी, तिचे उपचार ठरलेले आहेत. बाकीच्यांसाठी मूळ आजारावर उपचार, गुंगीची औषधं शक्य तितकी कमी, आणि मग अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींची यादी.

त्या यादीतली पहिली वस्तू म्हणजे चष्मा. दाखल करताना दागिने, घड्याळ, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र हे सगळं पिशवीत भरून नातेवाइकांच्या हाती दिलेलं असतं. हरवू नये म्हणून ते बरोबरच आहे. पण सत्तरीतल्या माणसाला धूसर दिसणाऱ्या, अर्धवट ऐकू येणाऱ्या खोलीत ठेवायचं आणि मग त्याला जागेचं भान नाही म्हणून नोंद करायची, यात काय अर्थ? मानसशास्त्रज्ञ बाहेर जाऊन मुलाला सांगते, पिशवी परत आणा. मग मोठ्या आकड्यांचं घड्याळ समोरच्या भिंतीवर. रात्री वरचे दिवे बंद. पहाटेची अंघोळ आणि रक्त घेणं थोडं उशिरा करता येईल का, ही सिस्टर इनचार्जशी रोजची घासाघीस. ‘समुपदेशन’ या शब्दाने मनात येतं ते चित्र, दोन खुर्च्या आणि एक रुमाल, इथे क्वचित दिसतं. कामाचा मोठा हिस्सा दिवे, घड्याळं आणि बॅटऱ्या यांतच जातो.

बोलण्याची सोय हा दुसरा उद्योग. चित्रांचा तक्ता लॅमिनेट करून ठेवलेला असतो: दुखतंय, कफ काढा, कूस बदला, गरम होतंय, घरच्यांना बोलवा. सगळ्यात जास्त बोट जातं ते पाण्याच्या पेल्यावर. तहान हा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा मोठा छळ आहे, आणि ओल्या बोळ्याने ओठ पुसणं एवढंच बहुतेक वेळा हातात असतं. मुळाक्षरांचा तक्ताही चालतो, पण काना-मात्रा दाखवायची ताकद बोटात नसते. म, ल, ग एवढंच दाखवलं जातं. मुलगा की मुलगी, ते पुन्हा विचारावं लागतं.

अशा वेळी कोपनहेगनची आठवण होते. १९५२ च्या पोलिओच्या साथीत तिथे श्वास बंद पडलेल्या रुग्णांच्या गळ्यात नळी घालून हाताने फुगा दाबत श्वास दिला गेला. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हे केलं. कल्पना ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाची. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथूनच धरतात. ते रुग्ण बरेचसे जागे होते, विद्यार्थी त्यांच्याशी बोलत, मुलांना गोष्टी वाचून दाखवत. पुढे फुग्याची जागा यंत्राने घेतली आणि उशाशी बसलेला माणूस उठून गेला. यंत्राला दोष द्यायचं कारण नाही, त्याने असंख्य जीव वाचवले. पण त्या माणसाचं काम कुणाकडे सोपवायचं, हा हिशेब बराच काळ कुणी केला नाही.

तो न केल्याचे परिणाम घरी गेल्यावर दिसतात. लिव्हरपूलजवळच्या व्हिस्टन रुग्णालयातल्या क्रिस्टिना जोन्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट मांडली. आयसीयूतल्या खऱ्या आठवणी, त्रासाच्या असल्या तरी, माणसाला थोडंफार तारतात. ज्यांना खरं काहीच आठवत नाही आणि फक्त भास आठवतात, त्यांना नंतर जास्त त्रास होतो. भासही साधे नसतात. सिस्टर विष देतायत. आपल्याला पळवून आणलंय. बाहेर सगळे आपल्या मरणाची वाट बघतायत. लघवीची नळी घालताना जे घडलं, ते काहींच्या स्मृतीत शारीरिक अत्याचार म्हणून जाऊन बसतं. घरी गेल्यावर हे कुणाला सांगणार? ज्यांनी जीव वाचवला त्यांच्याबद्दल असं बोलायचं कसं? माणूस गप्प राहतो, पुन्हा एकदा शांत.

यावर स्कँडिनेव्हियातल्या नर्सनी रूढ केलेला उपाय म्हणजे डायरी. पेशंट बेशुद्ध असताना सिस्टर आणि घरचे मिळून साध्या भाषेत रोजचं लिहितात: आज ताप उतरला, आज तुमचा भाऊ नाशिकहून आला, आज हात बांधावे लागले कारण तुम्ही नळी ओढत होतात. शेवटचं वाक्य लिहायला सगळेच कचरतात, आणि तेच सगळ्यात उपयोगी पडतं. मनगटावरच्या वळाचा अर्थ त्यातून लागतो. जोन्स यांनी सहा युरोपीय देशांतल्या ३५२ रुग्णांवर डायरीची चाचणी घेतली. नव्याने आघातोत्तर तणावविकार झालेल्यांचं प्रमाण डायरी मिळालेल्यांत ५ टक्के आणि न मिळालेल्यांत १३ टक्के निघालं. २०१० सालची ही गोष्ट. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या ३५ आयसीयूंत हाच प्रयोग झाला आणि ठळक फरक सापडला नाही.

मानसशास्त्रज्ञांच्या स्वतःच्या कामाचा हिशेबही असाच दोन्हीकडे ओढला जातो. फ्लॉरेन्सच्या कारेज्जी रुग्णालयात २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ येण्याआधीचे आणि नंतरचे रुग्ण ताडून पाहिले. वर्षभराने आघातोत्तर तणावाचा मोठा धोका असलेले पूर्वी ५७ टक्के होते, नंतर २१. आकडे डोळे दिपवतात, पण आधी-नंतरच्या तुलनेत इतरही बरंच काही बदललेलं असू शकतं. ब्रिटनमध्ये २४ आयसीयूंत १४५८ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली. तिथे प्रशिक्षित नर्सनी आयसीयूतच तीन ठरावीक सत्रं घेतली. सहा महिन्यांनी फरक शून्य. यातून कुणी ‘मग हे सगळं फोल’ असं म्हणेल, तर ते घाईचं होईल. छापील साच्यातली तीन सत्रं आणि रोज वॉर्डात वावरणारी, चष्म्यापासून कुटुंबापर्यंत सगळ्यात नाक खुपसणारी व्यक्ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा फायदा मोजणं अवघड आहे, हे मात्र मान्य करायला हवं.

काचेच्या दाराबाहेर तर वेगळंच गाव वसलेलं असतं. चटया, डबे, थर्मास, मोबाइलचे चार्जर, मेडिकलच्या चिठ्ठ्या. कुणीतरी एकजण सतत डिपॉझिटसाठी फोन करत असतो. आत जायचा पास एकच, तोही ठरावीक वेळेला. मग आईला आतलं खरं सांगायचं नाही असं मुलं ठरवतात आणि आई सगळं ओळखून काही विचारत नाही.

या लोकांना डॉक्टर रोज भेटतात, पण बहुतेक वेळ डॉक्टरच बोलतात. फ्रान्समधल्या २२ आयसीयूंत, मृत्यू जवळ आलेल्या १२६ रुग्णांच्या कुटुंबांवर २००७ मध्ये एक अभ्यास झाला. अर्ध्यांशी नेहमीसारखी बैठक. उरलेल्यांशी ऐकून घेण्यावर भर देणारी, ठरवून आखलेली बैठक आणि सोबत एक माहितीपत्रक. नेहमीच्या बैठकीत घरच्यांना बोलायला मिळाली होती साधारण ५ मिनिटं, दुसऱ्या प्रकारात १४. तीन महिन्यांनी आघातोत्तर तणावाची लक्षणं पहिल्या गटात ६९ टक्क्यांना होती, दुसऱ्यात ४५ टक्क्यांना. बैठक मात्र वाढली फक्त दहा मिनिटांनी, वीसची तीस.

म्हणून आपली मानसशास्त्रज्ञ बैठकीत डॉक्टरांच्या शेजारी बसते आणि एक प्रश्न राखून ठेवते: “घरी असताना ते कसे असतात?” क्रिअॅटिनिनच्या आकड्यांवर मान डोलावणारा थोरला मुलगा मग सांगू लागतो, की बाबा कुणाच्या हातचा चहा पीत नाहीत, स्वतः करतात. परावलंबी होऊन जगणं त्यांना चालेल का, हा अवघड विषय अशा चहापासून निघतो.

सिस्टर आणि निवासी डॉक्टर तिच्याकडे वेळ घेऊन फारसे येत नाहीत; हँडओव्हरनंतर कपाटाआड दोन वाक्यं बोलून जातात. कोव्हिडच्या पहिल्या लाटेनंतर इंग्लंडमधल्या नऊ आयसीयूंतल्या ७०९ कर्मचाऱ्यांच्या पाहणीत ४५ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या मानसिक त्रासाच्या मर्यादेपलीकडे गेलेले आढळले होते. आपल्याकडे तर बहुतेक ठिकाणी या कामासाठी स्वतंत्र जागाच नाही. मनोविकार विभागाला बोलावणं धाडलं की कुणीतरी येतं, तेही पेशंट आरडाओरडा करायला लागल्यावर.

ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आयसीयूतून सुटल्यावर दोन-तीन महिन्यांनी रुग्णाला पुन्हा तपासा. या भेटीला लोक हसत येतात, पेढे आणतात. मग बायको हळूच सांगते, हिशेब चुकतात, गॅस चालू राहतो. हे वयाचं किंवा अशक्तपणाचं असेलच असं नाही. व्हँडरबिल्टच्याच २०१३ च्या अभ्यासात ८२१ रुग्ण होते. तीन महिन्यांनी तपासता आलेल्यांपैकी २६ टक्क्यांची बुद्धीची कामगिरी सौम्य अल्झायमरच्या रुग्णांइतकी खालावलेली होती, आणि त्यांत तरुणही होते. मानसशास्त्रज्ञ स्मृती आणि लक्ष यांच्या चाचण्या घेते. मग कचेरीच्या साहेबांसाठी पत्र लिहायला घेते: पहिले सहा आठवडे अर्धा दिवस, सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात, रोख रकमेचं काम सध्या दुसऱ्याकडे. पेशंट मध्येच अडवतो. पत्रात ‘मानसिक’ हा शब्द घालू नका म्हणतो. ती शब्द खोडते, ‘आजारोत्तर’ लिहिते आणि सही करते.