पडला की गुण गेले!

अमेरिकी वाद्यपथकापुढे चकाकता दांडा फिरवीत चालणारी तरुणी ही बॅटन ट्वर्लिंगची सर्वपरिचित प्रतिमा. ती शोभेची बाहुली नव्हे, कसलेली खेळाडू असते, हे सहसा ध्यानात येत नाही.

बॅटन म्हणजे पोलादी दांडा. त्याच्या एका टोकाला मोठे, दुसऱ्याला लहान रबरी बोंड असते. त्यामुळे तोल नेमका मध्यावर नसतो. तो उंच फेकायचा, खाली येईपर्यंत स्वतःभोवती गिरक्या घ्यायच्या आणि पाठीमागे न पाहता झेलायचा. कोपर, मान, खांदे यांवरून बोटांनी न धरता तो घरंगळत नेणे तर याहून अवघड. दांडा जमिनीवर पडला की गुण वजा.

या खेळाचा जागतिक महासंघ १९७७ मध्ये स्थापन झाला. पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये सिअ‍ॅटलला भरली. पुढे जपानी खेळाडूंनी त्यात दबदबा निर्माण केला. ऑलिंपिकचे दार मात्र अद्याप उघडलेले नाही.

अमेरिकेत स्पर्धेतून घडलेल्या मुलीला खरा प्रेक्षक लाभतो तो विद्यापीठांच्या फुटबॉल मैदानावर. परड्यू विद्यापीठाची 'गोल्डन गर्ल' ही परंपरा १९५४ पासूनची. बंदिस्त सभागृहात वारा नसतो. मैदानावर तोच दांडा वाऱ्याने भरकटतो, प्रखर प्रकाशात क्षणभर दिसेनासा होतो. इथे परीक्षक नसतात, पण चूक हजारोंना दिसते. आणि पदवी हाती पडताच हे मैदानही सुटते. व्यावसायिक संघ नाहीत. मोजक्यांना सर्कस वा रंगमंच खुणावतो, इतर कित्येक जणी लहान मुलींना शिकवू लागतात.