नाकाड्यांच्या टोळीतलं पोर

१९६८ साली बीबीसीच्या 'जॅकनोरी' या मुलांना गोष्टी वाचून दाखवणाऱ्या कार्यक्रमात एक निअँडरथल पोरगा अवतरला. जॉन ग्रँट यांचा 'लिटलनोज'. टोळीत सगळ्यांची नाकं भलीमोठी, याचंच तेवढं चिमुकलं. सोबतीला मॅमथचं पिल्लू, त्याचा एक डोळा लाल, एक हिरवा. १९८६ पर्यंत या गोष्टी येत राहिल्या, पुस्तकंही निघाली. नुकतं स्वतःचं स्वतः वाचू लागलेल्या मुलाला एका बैठकीत एक गोष्ट संपवता यावी, एवढ्याच मापाची.

गंमत सगळी घरगुती. रंगीत खडे हे चलन, त्यामुळे हिमयुगातही पैशांची ओढाताण. पोरगं मोठ्यांच्या कामात लुडबुडतं, बोलणी खातं आणि त्याच्याच धांदरटपणातून कधीकधी टोळीचं भलं होतं. ग्रँट हिमयुग शिकवायला बसत नाहीत, म्हणूनच ते लक्षात राहतं. आई मात्र चुलीपाशी. तिथे लेखकाला १९६८ काही सुटलेलं नाही. आपल्यासारख्या माणसांना, म्हणजे 'सरळनाक्यां'ना, ही टोळी बिचकून असते. पुढे २०१० मध्ये स्वांते पाबो यांच्या गटाने निअँडरथलचा जनुकीय आराखडा मांडला आणि दोन्हीकडच्या सोयरिकी उघड झाल्या. तुमच्या-माझ्यातही त्यांचा एक-दोन टक्के अंश आहे. पाबोंना २०२२ चं नोबेल मिळालं.

लिटलनोजच्या आधी १९६० ची 'फ्लिंटस्टोन्स' मालिका होतीच, पण तिथे विनोद दगडी मोटारीचा; मुलाचा नव्हे. मला जास्त आवडतो रेमंड ब्रिग्जचा 'अग' (२००१). त्याच्या जगात विजारसुद्धा दगडाची आणि या पोराला हवी मऊ विजार! एवढ्याशा हट्टावर अख्खं पुस्तक उभं आहे. हसता हसता त्या पोराची कीवही येते.

मराठीत खट्याळ पोरांचा तुटवडा नाही. गोट्या, चिंगी, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे. पण त्यांच्यापैकी कुणाचं बिऱ्हाड गुहेत असल्याचं माझ्या वाचनात नाही. आदिमानव आपल्याला भेटतो तो पाठ्यपुस्तकात. पाचवीच्या परिसर अभ्यासात निअँडरथल म्हणजे 'शक्तिमान मानव' (दूरदर्शनवर गरगर फिरणारा शक्तिमान पाहिलेल्या पालकांना इथे हसू आवरत नाही). तो हत्यारं घडवतो, शिकार करतो. आईचे धपाटे मात्र कधीच खात नाही.

अशा गोष्टीचा मालमसाला तर दाराशी पडलाय. कांदिवलीत टॉड या नौदल अधिकाऱ्याला १९३० च्या दशकात अश्मयुगीन हत्यारं सापडली. आमच्या शिवडीच्या दक्षिणेला, १८८० मध्ये सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात, चिखलाखाली खैराचं बुडालेलं रानच निघालं. समुद्र आत शिरण्याआधी या किनाऱ्यावर जंगल होतं तर! फ्लेमिंगो बघायला शिवडीच्या जेट्टीवर गर्दी करणाऱ्या मुलांना त्या रानातला एखादा उपद्व्यापी पोरगा नक्की आवडेल.

आणि शिवडीतली कित्येक कुटुंबं मूळची रत्नागिरी-राजापूरकडची. तिथल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्यांतला कशेळीचा अवाढव्य हत्ती कोरताना मोठ्यांचं एकमत झालं असेल? सोंड कुठे वळवायची यावर वाद झालाच असणार, आणि तेवढ्यात एखादं कार्टं मधोमध स्वतःचं काहीतरी खरडून पळालं असणार.