एकाच टाकीतला धोका

रॉकेट सोडायला लाँचपॅड कशाला हवा? फायटर विमानाच्या पोटाखाली टांगा, उंचावर न्या आणि सोडून द्या! आयडिया भारी वाटते ना? अमेरिकेच्या 'डार्पा' या संरक्षण संशोधन संस्थेलाही वाटली होती. 'अलासा' या प्रकल्पात एफ-१५ विमानातून रॉकेट सोडून ४५ किलोंचा उपग्रह १० लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात कक्षेत पोहोचवायचा होता. २०१४ मध्ये हे काम बोइंगला मिळालं.

उंचीचा फायदा खराच आहे. हवा विरळ, त्यामुळे अडथळा कमी आणि इंजिनाचं नॉझल मोठं ठेवता येतं. पण वेगाचं गणित मांडून बघा. कक्षेत टिकायला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो. ताशी ९०० किलोमीटरने उडणारं विमान त्यातला जेमतेम तीन टक्के देतं! बाकीचं रॉकेटनंच कमवायचं. तेही विमान आणि धावपट्टी यांच्यामध्ये मावून, आडवं टांगलेलं असताना न वाकता. शिवाय रॉकेट लहान केलं, की इंधन झपाट्यानं घटतं; टाकी, पाइप, इलेक्ट्रॉनिक्सचं वजन मात्र त्या प्रमाणात घटत नाही.

मग वजन वाचवायला शक्कल निघाली: इंधन आणि ऑक्सिडायझर एकाच टाकीत! 'एनए-७' नावाचं हे मिश्रण नायट्रस ऑक्साइड आणि ॲसिटिलीनचं होतं.

आता कोपऱ्यावरचं गॅस वेल्डिंगचं दुकान आठवा. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनचे सिलिंडर वेगळे असतात. दाबाखालचा ॲसिटिलीन ऑक्सिजनशिवायही फुटू शकतो, म्हणून तो ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात. ज्योत मागे फिरू नये म्हणून नळीला झडप लावतात. एकाच टाकीत सगळं असेल, तर मागे फिरलेल्या ज्योतीला आणखी काय हवं?

२०१५ मध्ये चाचण्यांत दोनदा स्फोट झाला. त्याच वर्षी डार्पानं विमानातून उड्डाणाचा बेत सोडला. विचार करा, हाच स्फोट पायलटच्या पायाखाली झाला असता तर?

नायट्रस ऑक्साइड एकटाही गरीब नाही. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावीत, इंधन न पेटवता घेतलेल्या चाचणीत त्याचा स्फोट होऊन तिघांचा जीव गेला.

तुमच्या कॉलेजची टीम हायब्रिड मोटर बनवत असेल, तर हाच वायू तुमच्या टाकीत असू शकतो. व्हॉल्व्ह आणि पाइप तेल-ग्रीसपासून स्वच्छ ठेवा, टाकी उन्हात तापू देऊ नका आणि ती भरताना सगळे लांब, आडोशामागे उभे राहा. वाचवलेल्या वजनापेक्षा माणूस मोलाचा.