म्हैसूरची जावा : लोखंड टिकलं, रबर टिकवावं लागलं

रुस्तम आणि फारोख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीचा परवाना घेऊन म्हैसूरच्या यादवगिरीत कारखाना उभारला. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि १९६१ पासून तिथून ‘जावा २५०’ बाहेर पडू लागली. पुढे तिचं नाव येझदी झालं, १९७८ मध्ये रोडकिंग हे मॉडेल आलं, १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. त्या गाड्या मात्र आजही म्हैसूर, बंगळूर, पुणे, कोल्हापूरच्या रस्त्यांवर दिसतात. श्रेय सहसा त्यांच्या दणकट लोखंडाला दिलं जातं. पण या साठहून अधिक वर्षांकडे नीट पाहिलं, तर या गाड्या जगवल्या त्या वेळच्या वेळी बदललेल्या रबरांनी.

मुळात या गाडीच्या रचनेत रबरावर मोठी भिस्त आहे. मागची चेन पूर्ण झाकलेली असते. चाकाजवळ पत्र्याचं कव्हर आणि तिथून इंजिनापर्यंत वरच्या-खालच्या चेनवर दोन रबरी नळ्या. धूळ-चिखल आत जात नाही, म्हणून चेन वर्षानुवर्षं चालते. गियर आणि किक यांना मिळून एकच दांडा, त्यामुळे त्यावरच्या रबराची झीजही दुहेरी. त्याशिवाय टाकीच्या दोन्ही बाजूंचे गुडघ्याचे पॅड, फुटरेस्ट, मागच्या हबमधलं धक्के पचवणारं रबर, कार्बोरेटर आणि एअर फिल्टर यांच्यामधली नळी, वायरिंगचे ग्रोमेट आणि इंजिनातली ऑइल सील.

कारखाना चालू असेपर्यंत यातलं काहीही चिंतेचं नव्हतं. नळी फाटली की डीलरकडून नवी आणायची. पिस्टन-रिंगची चर्चा व्हायची, रबराची कोणी करत नसे. याच म्हैसुरात विक्रांत आणि फाल्कन या टायर कंपन्या होत्या. रबर हा या शहराच्या रोजच्या कामाचा भाग होता.

१९९६ नंतर चित्र पालटलं. उरलेला माल दुकानदारांच्या फळ्यांवर राहिला. हौशी मंडळींनी तो जपून ठेवला, काहींनी जास्त पैसे मोजून घेतला. पिस्टन किंवा गियर ग्रीस लावून ठेवला तर वीस वर्षांनीही कामाला येतो. रबराचं तसं नाही. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतात आणि ताणलेल्या जागी आडव्या चिरा पडतात. कंपनीच्या पाकिटातली ‘ओरिजिनल’ नळी बसवताना बोटातच तुटते ती म्हणून.

मग पुढे आले छोटे कारागीर. जुना नमुना घ्यायचा, त्यावरून डाय बनवायची, प्रेसवर माल काढायचा. कारखान्यातून बाहेर पडलेल्या काही कामगारांनी गॅरेजं थाटली होती. कुठलं रबर कसं बसायचं, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. या लोकांनी गाड्या वाचवल्या, हे कृतज्ञतेनं नोंदवायला हवं. त्या मालात एक उणीव मात्र राहिली. आकार नमुन्यावरून घेता येतो, रबराचं मिश्रण घेता येत नाही. चेनच्या नळीला हवामान आणि ग्रीस, हबच्या रबराला सततचा दाब, पेट्रोलच्या वाटेवरच्या सीलला इंधन सोसायचं असतं. सगळ्यांना एकच काळं रबर चालत नाही.

हे सर्वांत महागात पडतं क्रँकच्या सीलमध्ये. या गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं आणि दाबलं जातं. तो दाब धरून ठेवतो सीलचा पातळ ओठ. डावीकडचं, क्लचच्या बाजूचं सील गेलं की गियरचं तेल आत ओढलं जातं, सायलेन्सर धुराचे लोट सोडतो आणि प्लग ओला होतो. उजवीकडचं, डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि शेवटी पिस्टन धरतो. पुष्कळदा कार्बोरेटर उघडून त्याचे स्क्रू पिळले जातात, दोष मात्र त्या ओठाचा असतो. नवं सील घालण्याआधी शाफ्टवरून नख फिरवून पाहावं. जुन्या कडक ओठानं तिथे चर पाडली असेल, तर उत्तम सीलही गळणार.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा आणि जानेवारी २०२२ मध्ये येझदी ही नावं बाजारात परतली. त्याचा आनंद आहेच. पण नव्या गाड्या फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणाऱ्या, पीथमपूरला बनणाऱ्या. त्यांची रबरं जुन्या गाडीच्या कामाची नाहीत. त्याच सुमारास इंधन बदललं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळुरातूनच सुरू झालं. ते जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं, मऊ करतं. पेट्रोलची नळी, टाकीच्या कॉकचा वॉशर ही त्याची पहिली गिऱ्हाइकं. म्हणून इंधनाच्या वाटेवर आता इथेनॉल सोसणारी नळी आणि व्हायटॉन या इंधन सोसणाऱ्या रबराची सील हवीत.

पहिली पस्तीस वर्षं कारखान्यानं रबर पुरवलं, नंतरची पंचवीसहून अधिक कारागिरांनी. पुढची जबाबदारी आपली, गाडी चालवणाऱ्यांची आहे. गावोगावच्या जावा-येझदी मंडळांनी एकत्र मागणी द्यावी, म्हणजे कारागिराला चांगलं मिश्रण वापरणं परवडेल. प्रत्येक भागाच्या मापांबरोबर रबराचा प्रकार आणि कडकपणाही लिहून ठेवावा. आणि रबर स्वस्तात पडलं यापेक्षा किती वर्षं टिकलं, हे एकमेकांना सांगावं. म्हैसूरच्या कारखान्यानं आपल्या हाती दिलेली गाडी पुढच्या पिढीला चालती द्यायची, तर एवढं करायलाच हवं.